लिनक्स सुचवताना मुदतही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून मिळणारी वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. मोफत अपडेट थांबल्यापासून वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञान पुरवण्यांतून ‘जुना संगणक भंगारात काढू नका, लिनक्स टाका’ हा सल्ला नित्य दिसतो. लिनक्स ही विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत प्रणाली, आणि सल्ला रास्त आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१६-१७ चे धडधाकट आय-५ संगणकही अपात्र ठरतात. लिनक्सवर ते आणखी पाचसहा वर्षे सहज चालतील.

तक्रार आहे ती शिफारशीच्या पद्धतीबद्दल. कुठली डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार, विंडोजसारखी दिसते, कुठली मॅकसारखी, कुठली ‘सुंदर’, यावर रकानेच्या रकाने भरतात. दिसणे ही अर्ध्या तासात बदलता येणारी गोष्ट आहे. पॅनल खाली हवे की वर, आयकॉन कसे हवेत, हे कुठल्याही डिस्ट्रोत जमते. जे बदलता येत नाही ते छापलेच जात नाही: या आवृत्तीला सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार, आणि त्यानंतर पुढच्या आवृत्तीवर जाण्याची वाट किती बिकट आहे. लिनक्स बसवून देणारा भाचा पुढच्या वर्षी नोकरीला बंगळुरूला गेलेला असतो, आणि मुदत संपते तेव्हा संगणकासमोर मावशी एकटीच असते. डिस्ट्रो निवडायची ती त्या दिवसाचा विचार करून.

गॅस सिलिंडरच्या कड्यावर ‘ए-२७’, ‘बी-२९’ असे काहीतरी रंगवलेले असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असे वर्षाचे चार भाग आणि पुढे सालाचे शेवटचे दोन आकडे. ती मुदत गॅसची नव्हे, टाकीच्या तपासणीची असते. तारीख उलटली की टाकी फेकत नाहीत, तपासून पुन्हा वापरात आणतात. लिनक्सच्या आवृत्तीचे नेमके असेच आहे.

उबुंटूपासून सुरुवात करू, कारण बरेच जण तिथेच फसतात. उबुंटूची आवृत्ती दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते, आणि तिचा आकडा म्हणजे साल व महिना. यांतली सम वर्षाच्या एप्रिलमधली आवृत्ती ‘एलटीएस’, म्हणजे दीर्घ मुदतीची: २२.०४, २४.०४, २६.०४. तिला पाच वर्षे अपडेट मिळतात. ‘उबुंटू प्रो’ची नोंदणी केली तर दहा वर्षे, आणि व्यक्तिगत वापरासाठी पाच संगणकांपर्यंत ती मोफत आहे. मधल्या आवृत्त्यांना मात्र फक्त नऊ महिने. ऑक्टोबर २०२५ ची २५.१० जुलै २०२६ मध्ये संपते. डाउनलोडच्या पानावर दोन्ही शेजारी-शेजारी असतात, आणि मोठा आकडा म्हणजे चांगली या हिशेबाने लोक नेमकी नऊ महिन्यांची उचलतात. २५.१० ही तर प्रयोगाची आवृत्ती होती. तिच्यात ‘डेट’सारखे मूलभूत कमांड रस्ट भाषेत नव्याने लिहिलेले घातले होते, आणि त्यातल्या एका चुकीमुळे काही संगणकांवर नवे अपडेट आपोआप तपासणेच बंद पडले होते. दुरुस्ती लवकर झाली, पण ती आधी हाताने घ्यावी लागली. ज्यांना असे प्रयोग आवडतात त्यांनी जरूर करावेत. कारकुनी कामाच्या संगणकावर ते नकोत.

लिनक्स मिंट ही उबुंटूच्या एलटीएसवरच उभी असते आणि मधल्या आवृत्त्यांना हातच लावत नाही. मिंट २२, २२.१, २२.२ या सगळ्यांचा पाया उबुंटू २४.०४ चा, म्हणून सगळ्यांची मुदत एकच, एप्रिल २०२९. सिलिंडरच्या भाषेत बी-२९. मिंट २१ ची मालिका एप्रिल २०२७ ला संपेल. नवख्याने मिंट घ्यावी हा सर्वसाधारण सल्ला म्हणूनच बरोबर आहे, आणि त्याचे कारण तिचा विंडोजसारखा मेनू हे नाही. एकाच मालिकेतल्या आवृत्तीवरून पुढच्यावर जाणे, समजा २२.१ वरून २२.२, हे अपडेट मॅनेजरच्या ‘एडिट’ मेनूतून एका क्लिकने होते, खालचा पाया हलत नाही आणि सहसा काही मोडत नाही. खरे अपग्रेड चार-पाच वर्षांतून एकदाच करावे लागते. आठ जीबी रॅम असेल तर मिंटची सिनॅमन डेस्कटॉपची आवृत्ती घ्यावी. चार जीबी असेल तर हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपची. दोन्हींतला फरक ब्राउझर उघडेपर्यंतच जाणवतो, कारण खरी रॅम खाणारा तोच. फिरती हार्ड डिस्क असेल तर कुठलीही हलकी डिस्ट्रो शोधण्यापेक्षा आधी २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा.

डेबियन १३, टोपणनाव ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तीन वर्षे नियमित आणि दोन वर्षे दीर्घ आधार, एकूण २०३० च्या जूनपर्यंत. हिच्यात मध्येच काही बदलत नाही, आणि काहींना तेच हवे असते. पण ३२ बिटचा जुना संगणक असेल तर १३ चा इन्स्टॉलरच नाही. तिथे डेबियन १२ हाच पर्याय, आणि तोही जून २०२८ पर्यंत. त्यापुढे त्या यंत्रासाठी पैसे व वेळ घालवू नये. सी-डॅकची ‘बॉस’ ही डिस्ट्रोही डेबियनवर बेतलेली आहे. ती घेताना ती कुठल्या डेबियनवर उभी आहे ते आधी पाहावे, म्हणजे मुदतीचा अंदाज येतो.

फेडोराची एक आवृत्ती सुमारे तेरा महिने चालते. म्हणजे वर्षातून एक अपग्रेड सक्तीचे. बदल्यात नवा कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि नवे ड्रायव्हर लवकर मिळतात, त्यामुळे गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या लॅपटॉपवर जुन्या एलटीएसमध्ये वाय-फाय किंवा आवाज चालत नसेल तर फेडोरावर बहुधा चालतो. व्हिडिओ चालवायला लागणारे सगळे कोडेक मात्र तिच्यात नसतात. त्यासाठी ‘आरपीएम फ्यूजन’चे सॉफ्टवेअर-भांडार जोडावे लागते, आणि पुढच्या अपग्रेडच्या वेळी घोडे अडते ते बऱ्याचदा याच जोडलेल्या भांडारापाशी. नवी आवृत्ती आल्यावर तीन-चार आठवडे थांबले की तेही जुळते. थांबण्यात नुकसान काही नाही, कारण एक आवृत्ती ओलांडून थेट पुढच्यावर जाण्याची फेडोरात सोय आहे.

आर्चसारख्या ‘रोलिंग’, म्हणजे सतत अपडेट होत राहणाऱ्या, डिस्ट्रोला आवृत्तीच नसते, म्हणून ‘तिला अपग्रेडची कटकटच नाही’ असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. कटकट एकदम न येता हप्त्याने येते. डिसेंबर २०२५ मध्ये आर्चने एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांचा ५९० मालिकेचा ड्रायव्हर घेतला. त्या मालिकेने पास्कल आणि त्याआधीच्या पिढ्यांच्या कार्डांचा, म्हणजे जीटीएक्स १०६० वगैरेंचा, आधार काढून टाकलेला. आर्चने ही सूचना आपल्या बातम्यांच्या पानावर दिली होती आणि ५८० चा जुना ड्रायव्हर कसा घ्यायचा तेही लिहिले होते. ज्यांनी बातमी न वाचता नेहमीचे अपडेट मारले, त्यांना पुढच्या वेळी डेस्कटॉप उघडेना. दर आठवड्याला बातमी वाचून अपडेट करणे ज्याला जमते त्याच्यासाठी आर्च उत्तम आहे. महिनोन्महिने बंद पडून राहणाऱ्या संगणकासाठी ती नव्हे.

निवड पक्की करण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मिंटची आयएसओ, म्हणजे उतरवून घ्यायची इन्स्टॉल फाइल, सुमारे तीन जीबीची असते, आणि उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ हा पडताळणीचा आकडा संकेतस्थळावरील आकड्याशी ताडून पाहावा. इन्स्टॉल मधेच फसण्यामागे अर्धवट उतरलेली फाइल हे फार साधे कारण असते. डेल आणि लेनोव्होवर सुरू होताना एफ-१२, एचपीवर एफ-९ दाबले की पेनड्राइव्ह निवडता येतो. मग तासभर वापरा. वाय-फाय, आवाज, स्क्रीनचा उजेड, आणि लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर तो जागा होतो का, हे पाहा. ही शेवटची चाचणी सगळे विसरतात. वाय-फाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. ते जवळजवळ सगळीकडे चालते, आणि त्यावरून वाय-फायचा ड्रायव्हर उतरवता येतो.

आपल्याकडच्या कचेऱ्यांत खरी माशी शिंकते ती प्रिंटरपाशी. एचपी लेझरजेट १०२० आजही तालुक्या-तालुक्यात आहे. हा प्रिंटर आपले फर्मवेअर, म्हणजे स्वतःला चालवणारा प्रोग्राम, साठवून ठेवत नाही. बंद करून चालू केला की दर वेळी संगणकाने ते त्याच्यात भरावे लागते. लिनक्समध्ये हे काम ‘एचपीलिप’ आणि त्याचे वेगळे उतरवायचे ‘प्लगइन’ मिळून करतात, आणि प्लगइनचा आवृत्ती क्रमांक एचपीलिपशी तंतोतंत जुळावा लागतो. डिस्ट्रो अपग्रेड केली की एचपीलिप नवे येते, प्लगइन जुनेच राहते, आणि प्रिंटर हिरवा दिवा लावून गप्प बसतो. कागद ओढत नाही, चूकही सांगत नाही. टर्मिनलमध्ये ‘एचपी-प्लगइन’ चालवले की पाच मिनिटांत काम होते, पण हे ठाऊक नसणारा माणूस लिनक्सला शिव्या घालून विंडोजवर परततो. कॅननचा एलबीपी २९०० याहून हट्टी आहे, त्याचा ‘कॅप्ट’ ड्रायव्हर दर मोठ्या अपग्रेडला पुन्हा बसवायची तयारी ठेवावी. एप्सनचे टाकीवाले एल-मालिकेचे प्रिंटर मात्र बहुतेक विनातक्रार चालतात.

काही कामे लिनक्सवर होत नाहीत, ती आधीच स्पष्ट सांगावीत. टॅली विंडोजवरच चालते. श्री-लिपीसारखी डीटीपीची सॉफ्टवेअरे तशीच. युनिकोडपूर्व फॉण्टमधल्या जुन्या मराठी फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. तो फॉण्ट कॉपी केला तर मजकूर वाचता येतो, पण कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये रूपांतर. युनिकोडमधली वर्ड फाइल उघडते नीट, मात्र मंगल, कोकिळा हे मायक्रोसॉफ्टचे फॉण्ट लिनक्समध्ये नसल्याने बदली फॉण्ट लागतो आणि चार पानांचा अर्ज साडेचार पानांचा होतो. पाठवताना पीडीएफ पाठवावी. ई-निविदेसाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागत असेल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर आहे का, हे विक्रेत्याला विचारूनच पुढे जावे. टायपिंगची चिंता नको. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट थेट मिळतो. ‘ऱ्य’ साठी शिफ्टसह जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्या’ वेगळे राहतात.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायची असेल तर तीन गोष्टी. बिटलॉकर हे विंडोजचे डिस्क-कुलूप चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, सिक्युअर बूटला (संगणक सुरू होतानाच्या सुरक्षा तपासणीला) हात लागला की विंडोज ती मागते. विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर लिनक्सला विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. आणि लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर संगणकाची बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते, विंडोज तीच स्थानिक समजते. ‘टाइमडेटसीटीएल’ने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगता येते. एनव्हिडिया कार्ड असेल तर चौथी गोष्टही आली. सिक्युअर बूट चालू असताना ड्रायव्हर बसवला की एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा दहा सेकंद थांबतो. न कळून ‘कंटिन्यू बूट’ झाले की ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही.

आता अपग्रेड. उबुंटूच्या एका एलटीएसवरून पुढच्या एलटीएसवर येण्याचे आमंत्रण लगेच येत नाही, पहिली ‘पॉइंट’ आवृत्ती निघाल्यावर, साधारण ऑगस्टमध्ये येते. आमंत्रण येण्याआधी अपग्रेडच्या कमांडला ‘-डी’ लावून जबरदस्ती करू नये. २४.०४.१ तर आधीच पंधरा दिवस लांबून २९ ऑगस्ट २०२४ ला आली, आणि त्यानंतरही अपग्रेडच्या साधनातच दोष सापडल्याने २२.०४ वाल्यांचे आमंत्रण काही काळ मागे घ्यावे लागले. ज्यांनी दिवाळीपर्यंत वाट पाहिली त्यांना याचा पत्ताही लागला नाही. २२.०४ वरून थेट २६.०४ ला उडी मारता येत नाही, मध्ये २४.०४ घ्यावीच लागते. डेबियनचेही तसेच, ११ वरून १३ ला जाताना वाटेत १२.

मिंट २१ वरून २२ वर जायचे तर आधी २१.३ पर्यंत या आणि उरलेले सगळे अपडेट घ्या. टाइमशिफ्टने प्रत घ्या. ‘मिंटअपग्रेड’ बसवून चालवा, ते स्वतः एकेक तपासणी करत जाते आणि अडले तर का अडले ते सांगते. टाइमशिफ्टबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे: नेहमीच्या सेटिंगमध्ये ते फक्त सिस्टिमची प्रत ठेवते, होम फोल्डर म्हणजे आपली कागदपत्रे आणि फोटो नव्हे. ती वेगळ्या, बाहेरच्या डिस्कवर न्यावीत. शिवाय टाइमशिफ्टची प्रत त्याच डिस्कवर असेल तर डिस्क गेली की दोन्ही गेले.

अपग्रेड मोडते ते बहुतेक वेळा बाहेरून जोडलेल्या भांडारांमुळे. कुठल्या तरी व्हिडिओत पाहून जोडलेला पीपीए, म्हणजे उबुंटूसाठीचे असेच एक बाहेरचे भांडार, एखाद्या पॅकेजची इतकी नवी आवृत्ती देतो की नव्या उबुंटूतले पॅकेज तिच्यापुढे जुने ठरते, आणि सगळी साखळी अडकते. अपग्रेडआधी ‘पीपीए-पर्ज’ने ती पॅकेजे मूळ आवृत्तीवर आणावीत. उबुंटूचे अपग्रेड बाहेरची भांडारे बंद करते आणि ती बंदच ठेवते. त्यामुळे नंतर महिनोन्महिने बाहेरून बसवलेले एखादे सॉफ्टवेअर अपडेट होत नाही आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये जाऊन खूण पुन्हा करावी लागते.

जागा पाहावी. डिस्कच्या मूळ विभागात पंधरा जीबी मोकळे असले की निश्चिंत. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ‘/बूट’ हा छोटा स्वतंत्र विभाग असतो, आणि जुने कर्नल साठून तोच भरतो. ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ने तो मोकळा करा. लॅपटॉप चार्जरला लावलेला, डेस्कटॉप यूपीएसवर, आणि वीज जायच्या वाराला अपग्रेड नाहीच. दोन-तीन जीबी उतरवायला जो वेळ लागेल तो लागो, पण पॅकेजे बसत असताना वीज जाणे सगळ्यात वाईट. तशी गेलीच तर घाबरून लगेच नवे इन्स्टॉल करू नका. सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणारा, मेनू आणा, ‘अॅडव्हान्स्ड’मधून रिकव्हरी मोड निवडा आणि तिथला ‘डीपीकेजी’चा पर्याय चालवा. अर्धवट राहिलेले काम तो बहुधा पुरे करतो. अपग्रेडनंतर पडदा काळाच राहिला तर त्याच मेनूतून आधीचा कर्नल निवडून पाहा. दोष बहुतेक वेळा नव्या कर्नलवर न बसलेल्या एनव्हिडिया ड्रायव्हरचा असतो.

मधेच एक प्रश्न येतो: अमुक सेटिंगची फाइल बदलली आहे, जुनी ठेवू की नवी घेऊ? तुम्ही ती हाताने कधी बदलली नसेल तर नवी घ्या. बदलली असेल तर जुनी ठेवा. दोन्हींपैकी काहीही केले तरी दुसरी फाइल शेजारी वेगळ्या नावाने शिल्लक असते, त्यामुळे रात्रभर विचार करण्यासारखे त्यात काही नाही.

आणि चार वर्षांत ढीगभर पीपीए, हाताने बसवलेले ड्रायव्हर असे साठलेले असेल तर अपग्रेडच्या भानगडीत न पडता नवे इन्स्टॉल करणे सोपे. सुरुवातीलाच होम वेगळ्या विभागात ठेवले असेल तर मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ निवडून मूळ विभाग फॉर्मॅट करायचा आणि होमला फक्त ‘/होम’ अशी जागा द्यायची, फॉर्मॅटची खूण काढून. ती खूण दोनदा पाहावी. अर्धा-पाऊण तास लागतो.

शाळांनी तर एकेका संगणकावर वेगळी डिस्ट्रो टाकण्याचा मोह टाळावाच. केरळच्या ‘काइट’ या शालेय तंत्रज्ञान संस्थेने आपल्या शाळांसाठी उबुंटूच्या एलटीएसवर बेतलेली एकच प्रणाली बनवली. तिचा २२.०४ हा आकडाच सांगतो की पायाची नेहमीची मुदत २०२७ मध्ये संपेल. तारीख आधी ठाऊक असल्याने अपग्रेडचे काम उन्हाळी सुट्टीत बसवता येते.

तेव्हा विनंती एवढीच, की यापुढे लिनक्सवरील लेखात डिस्ट्रोच्या नावापुढे कंसात मुदत छापावी: लिनक्स मिंट २२ (एप्रिल २०२९), डेबियन १३ (जून २०३०), उबुंटू २४.०४ (२०२९), उबुंटू २५.१० (जुलै २०२६), फेडोरा ४३ (डिसेंबर २०२६ च्या सुमारास). जागा एका ओळीची लागेल. आणि वाचकांनी तीच तारीख पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून सीपीयूच्या पाठीमागे लावावी, पुढे नको, तिथे लहान मुले ती सोलून काढतात.

आपला,
एक नियमित वाचक